एका वेळी एकच आजी

मुलुंड पूर्वेच्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये अडीच वर्षांच्या ओजसची दोनशे चौदा खेळणी होती. हा आकडा कोणी हवेत उडवलेला नाही. त्याच्या आईने, म्हणजे इरावतीने, एका रविवारी हॉलभर चादर अंथरून ती एकेक करून मोजली होती. इरावती अंधेरीच्या एका कंपनीत दिवसभर आकड्यांचे तक्ते करायची. मोजण्याआधी तिला कशाचाच त्रास होत नसे, आणि मोजल्यावर मात्र सहन होत नसे.

त्या ढिगात अकरा जेसीबी होते, तीन भातुकलीचे संच होते, बारशाला आलेले खुळखुळे होते, सोसायटीतल्या पोरांच्या वाढदिवसांना मिळालेली पोतंभर प्लॅस्टिकं होती. एक निळा कुत्रा होता, तो बटण बंद केलं तरी मध्येच गाणं म्हणायचा. इरावतीचा नवरा देवदत्त रात्री अंधारात त्या कुत्र्यावर पाय देऊन दोनदा आपटला होता. घरात चालायचं झालं तर आधी पायाने रस्ता साफ करावा लागे.

या सगळ्यात ओजसला दिवसभर सांभाळायचं काम त्याच्या आजीचं, म्हणजे देवदत्तच्या आईचं, वसुधाबाईंचं. त्या पलीकडच्याच गल्लीत राहायच्या. बँकेत पस्तीस वर्षं काढून निवृत्त झालेल्या बाई, सकाळी नऊला हजर म्हणजे हजर. ओजस सहा महिन्यांचा होता तेव्हापासून त्याचं खाणं, न्हाणं, झोप, शी, सगळं त्यांच्या हातचं होतं. धुणं-भांडी-केरफरशीला आणि चार वाजेपर्यंत वरच्या कामाला शकू असायची. पण ती मदतीला. पोर सांभाळायच्या त्या वसुधाबाई, असं त्या स्वतःही सांगत आणि सोसायटीतही सगळे तसंच म्हणत.

मग इरावती मुलुंड पश्चिमेला एका कार्यशाळेला गेली. शर्मिष्ठा नावाच्या एक बाई तिथे 'शांत घर, शांत मूल' शिकवत. दोन तासांनी इरावती परत आली ती डोळ्यांत वेगळाच प्रकाश घेऊन.

"आई, आपण ओजसला गुदमरवतोय," ती म्हणाली.

वसुधाबाई ओजसला मऊ भात भरवत होत्या. त्यांनी चटकन त्याच्या घशाकडे पाहिलं.

"तसं नाही हो. खेळण्यांनी. मुलासमोर एका वेळी फक्त सहा खेळणी हवीत. बाकीची माळ्यावर. चौदा दिवसांनी ती सहा वर, दुसरी सहा खाली. म्हणजे मुलाला जुनं खेळणं पण नवं वाटतं आणि ते शांत खेळतं."

"आमच्या वेळी सहाच असायची," वसुधाबाई म्हणाल्या. "ती पण शेजारच्यांची धरून."

"बघा, म्हणजे तुम्ही आधीच करत होता," इरावती खूश होऊन म्हणाली. टोमणा मारावा आणि समोरच्याने तो प्रशस्तिपत्रक म्हणून फाइल करावा, यासारखी चीड आणणारी गोष्ट नाही.

आठवड्याच्या आत माळ्यावर पारदर्शक झाकणांचे डबे चढले. प्रत्येकावर चिठ्ठी: संच अ, संच आ, संच इ. खाली हॉलमध्ये एक बुटकं लाकडी शेल्फ, त्यावर सहा खेळणी, एकमेकांपासून वीतभर अंतरावर, सरकारी कार्यालयातल्या खुर्च्यांसारखी. फ्रिजवर तक्ता लागला. माळ्यावर गेलेलं कुठलं खेळणं ओजसने मागितलं तर त्याच्यापुढे एक रेघ ओढायची. दोन फेऱ्यांत ज्याच्यापुढे एकही रेघ येणार नाही ते देऊन टाकायचं. मुलाला त्याची गरज नव्हती, ती आपली हौस होती, असं शर्मिष्ठाबाईंनी सांगितलं होतं.

आणि खोटं कशाला बोला, ते जमलं. वसुधाबाईंची मनापासून इच्छा होती की हे खेळ चार दिवसांत बंद पडावेत. पण ओजस शेल्फवरच्या, खुंटीत ओवायच्या लाकडी चकत्यांशी सलग अर्धा तास बसू लागला. एक काढायची, बघायची, परत घालायची. घरात चालता येऊ लागलं. देवदत्तने तर हॉलमध्ये एकदा अनवाणी चालून दाखवलं. वसुधाबाईंनी घरी जाऊन नवऱ्याला, श्यामसुंदररावांना, नाइलाजाने सांगितलं की पोरगं शांत झालंय खरं. शब्दकोडं सोडवता सोडवता ते म्हणाले, "मग तू का चिडलीयेस?" त्यावर वसुधाबाईंनी पंखा वाढवला.

एक गोष्ट मात्र तक्त्यात कुठे नव्हती. सकाळी शकू बाल्कनीत कपडे वाळत घालायची तेव्हा ओजस चिमट्यांची बादली घेऊन तिच्या पायाशी बसायचा आणि एकेक चिमटा वर द्यायचा. शकू कधी हिरवा मागायची, कधी लाल. चुकीचा दिला की ती म्हणायची, "ह्यो काय रे, माका फसवतंस?" आणि तो हसून लोळायचा. त्यातच तो रंग शिकला. वसुधाबाईंच्या मते ते त्यांनी दाखवलेल्या चित्रांच्या पुस्तकामुळे.

आता एखादी गोष्ट जमली की ती तिथेच थांबवायची, एवढी अक्कल माणसाला असती तर जगात बऱ्याच भानगडी कमी झाल्या असत्या. एका शनिवारी इरावतीची आई, सुगंधाबाई, नेहमीप्रमाणे बोरिवलीहून आल्या. ओजस त्यांना आऊ म्हणायचा. आजी आणि आऊ एका खोलीत आल्या की ओजसला एकीकडून नाचणीचं सत्त्व यायचं आणि दुसरीकडून शिरा. एकीने टोपडं घालायचं, दुसरीने उकडतंय म्हणत काढायचं. संध्याकाळी पोर किंचाळत सुटलं. इरावती त्याला थोपटत शांतपणे म्हणाली, "माणसांची पण गर्दी होते."

दुसऱ्या दिवशी फ्रिजवरच्या तक्त्यात दोन ओळी वाढल्या होत्या. चौदा दिवस आजी, चौदा दिवस आऊ. एका वेळी एकच. आऊने तिच्या फेरीत इथेच राहायला यायचं, आजीने तिच्या फेरीत नेहमीसारखं नऊला. फेरी नसेल तेव्हा येणं नाही, व्हिडिओ कॉलही नाही, नाहीतर मूल गोंधळतं. श्यामसुंदररावांचं नाव तक्त्यात नव्हतं. त्यांची गणती बहुधा फर्निचरमध्ये झाली असावी.

"आणि माझ्यापुढेही रेघा का गं?" वसुधाबाईंनी विचारलं.

"म्हणजे कळेल ना, त्याला कोणाची किती सवय आहे. दोन फेऱ्या बघू. त्याचं कोणावाचून अडत नसेल तर मग स्टेशनजवळचं डे-केअर आहे, तिथे दिवसभर ठेवू. तुम्हा दोघींनाही आराम. किती वर्षं करणार तुम्ही?"

हे सगळं इतक्या प्रेमाने म्हटलं गेलं की भांडायला जागाच उरली नाही. वसुधाबाईंनी देवदत्तकडे पाहिलं. देवदत्तला त्या घरात 'हो' म्हणण्यासाठीच ठेवलेलं होतं. तो म्हणाला, "ट्राय करू ना, आई."

पहिली फेरी आऊची निघाली. म्हणजे वसुधाबाई माळ्यावर.

घरी बसून त्यांनी काय काय केलं नाही. कपाटं आवरली, लोणच्याच्या बरण्या पुसल्या, श्यामसुंदररावांच्या शब्दकोड्यात चुकीचे शब्द सुचवले. पण जीव फ्रिजवरच्या त्या ओळीत अडकलेला. ओजसला सोडून दोन वर्षं आपण दुसरं काही केलं नाही आणि आता त्या पोराने नाव घेतलं तरच आपली नोकरी टिकणार. बँकेत असं कोणी केलं असतं तर त्यांनी युनियन मध्ये घातली असती. ओजस नाव घेईल याबद्दल त्यांना शंका नव्हती. फक्त रेघ ओढायला इरावती घरात नसते, सुगंधाबाई आपल्या हाताने विहिणीपुढे रेघ ओढणार नाहीत, ही शंका होती. तेव्हा त्यांनी शकूला मधे घेतलं. शकू चार वाजता काम उरकून खाली उतरली की वसुधाबाई सोसायटीच्या फाटकाशी कोथिंबीर घेत असल्यासारख्या उभ्या.

"विचारलं का गं त्याने माझं?"

"नाय," शकू म्हणाली.

दुसऱ्या दिवशीही नाय. तिसऱ्या दिवशी नाय म्हणताना तिने वसुधाबाईंच्या चेहऱ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. चौथ्या दिवशी त्यांनी विचारायच्या आधीच ती म्हणाली, "विचारल्यान हां आज. आजी खंय म्हणून."

वसुधाबाईंनी तिला तिथल्या तिथे कोथिंबिरीची जुडी देऊन टाकली. त्या दिवसापासून ओजस रोज विचारू लागला. एकदा तर म्हणे दाराशी जाऊन बसला. वसुधाबाईंना रात्री झोप लागू लागली आणि शकूकडे डिंकाचे लाडू जाऊ लागले.

चौदा दिवस संपले. वसुधाबाई नऊला पाच कमी असताना दारात. ओजस धावत आला, त्यांच्या गुडघ्यांना चिकटला, त्यांच्या पर्समधून चष्म्याची डबी काढून पळाला. इरावती ऑफिसला निघता निघता म्हणाली, "बघा, कसा फ्रेश झालाय तुमच्याबाबतीत." जेसीबीबद्दलही ती आदल्या महिन्यात अगदी हेच म्हणाली होती.

ती गेल्यावर वसुधाबाई फ्रिजसमोर गेल्या. पिवळा जेसीबी, सतरा रेघा. लाकडी गाडी, नऊ. निळा कुत्रा, चार. आजी, काही नाही.

त्यांनी चष्मा पुसून परत पाहिलं. मग बाल्कनीत गेल्या. शकू चादर झटकत होती.

"शकू, त्याने एकदाही विचारलं नव्हतं का?"

शकूने चादर दोरीवर टाकली, सरळ केली. "नाय ओ आजी. तुमका बरा वाटात म्हणून सांगलंय. तुमचं तोंड कसं झालं होतं."

वसुधाबाईंनी चादरीला चिमटा लावला. रागवायला हवं होतं, पण एवढ्या लाडवांनंतर रागावणंही लाजिरवाणं झालं असतं. त्या चौदा दिवसांत त्यांनी ओजसवर असा काही मारा केला की परीक्षेच्या आदल्या रात्रीच्या अभ्यासाला लाज वाटावी. दिवसातून पन्नास वेळा, "मी कोण? आजी. कोण? आजी." त्याला खीर, त्याला बागेत दोनदा, त्याला अंगावर शहारे आणणारी जंगलाची गोष्ट. संध्याकाळी शकू गेली की ओजस दाराशी उभा राहून "शकू?" म्हणायचा. रोज म्हणायचा. वसुधाबाई त्याला उचलून आत आणायच्या आणि म्हणायच्या, "शकू घरी गेली. मी कोण?" पुढे इरावतीच्या बोलण्यात एकदा आलं की तो हे आऊच्या फेरीतही रोज म्हणत होता. तिने रेघ ओढली नव्हती, कारण शकू तक्त्यात नव्हतीच. तिला तक्त्यात घालावं असं वसुधाबाईंनाही सुचलं नाही.

फेरीच्या शेवटच्या दिवशी शकूने सुट्टी मागितली. आठ दिवस. मालवणकडे तिच्या गावची गावपळण होती.

"म्हणजे काय?" इरावतीने विचारलं.

"तीन-चार वर्षांनी येता. देवाने कौल दिला की अख्खा गाव घराला कुलूप लावून वेशीभायर जातो. म्हातारी, पोरं, गाई, कुत्रे, कोंबड्या, सगळी. तीन दिवस तीन रात्री भायर रानात झोपड्या बांधून ऱ्हवायचं. मागे कोण ठेवायचं नाय."

"पुढच्या आठवड्यात नाही का चालणार? माझं महिनाअखेरच्या हिशेबांचं क्लोजिंग आहे."

"देवाक विचारूया काय?" शकूने शांतपणे विचारलं, आणि मग म्हणाली, "माझी पोरगी आसा थंय. आयशीकडे. जान्हवी. गणपतीत जाऊक मिळाला नाय. बघून एक वर्ष झाला तिका."

किती वर्षांची, असं वसुधाबाईंनी विचारलं, कारण काहीतरी विचारायला हवं होतं. तीन पुरी झाली, शकू म्हणाली. नवरा वॉचमन, दोघंही दिवसभर बाहेर, चाळीच्या खोलीत पोरीला बघणार कोण, म्हणून वर्षाची असताना आईकडे ठेवली. शकू या घरी कामाला लागली त्याला दोन वर्षं झाली होती. एवढं सगळं वसुधाबाईंना त्या दिवशी कळलं.

शकू गेली, आऊची दुसरी फेरी सुरू झाली, आणि वसुधाबाई पुन्हा घरी बसल्या. ही शेवटची फेरी. या चौदा दिवसांत रेघ नाही आली तर नव्या वर्षापासून ओजस डे-केअरला. त्या फोन मांडीवर घेऊन बसायच्या. श्यामसुंदरराव आता त्यांना शब्द विचारेनासे झाले होते.

तिसऱ्या दिवशी अकरा वाजता फोन वाजला. इरावती. आवाज रडवेला.

"आई, तुम्ही या. प्लीज. परवापासून नुसता रडतोय. जेवत नाही, झोपत नाही. ताप नाही, दात नाहीत, डॉक्टर म्हणतात काही नाही. मी रजा टाकलीय. आईला पण आवरत नाहीये. तुम्ही याच."

वसुधाबाईंनी साडी बदलली. हो, बदलली. जीव पोरासाठी तुटत होता हे खरं, पण आत कुठेतरी सनई वाजत होती हेही खरं. शेवटी आजीच लागली. तक्ते-बिक्ते फेल. लिफ्टची वाट न बघता त्या तीन मजले चढल्या.

दार उघडं होतं. हॉलमध्ये माळ्यावरचे सगळे डबे उतरवून पालथे केलेले. देऊन टाकायला काढलेली धरून दोनशे चौदाची दोनशे चौदा खेळणी जमिनीवर, निळा कुत्रा गात होता, सुगंधाबाई टाळ्या वाजवत होत्या, देवदत्त गुडघ्यांवर बसून जेसीबीचा आवाज काढत होता. मधोमध ओजस, नाक वाहतंय, हातात चिमट्यांची बादली.

"बघ कोण आलं," इरावती म्हणाली. "आजी आली."

वसुधाबाईंनी हात पसरले. ओजस रडायचा थांबला. त्याने त्यांच्याकडे पाहिलं, मग त्यांच्या बाजूने वाकून मागे दाराकडे पाहिलं. जिन्यात कोणी नव्हतं.

"शकू?" त्याने विचारलं. आणि उत्तर त्याला त्यांच्या चेहऱ्यावरच दिसलं असावं, कारण त्याने बादली खाली टाकली आणि पुन्हा गळा काढला.

खोलीतल्या चारही शिकल्यासवरल्या माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. सगळ्यांत आधी सुगंधाबाई सावरल्या. "असं कसं? कामाच्या बाईचा एवढा लळा लागू देतात का?" इरावती म्हणाली, "तिला फोन करू या. आवाज ऐकला की थांबेल. तिला सांगू, उद्याच्या बसने ये, तिकीट मी काढते, वर जास्तीचे पैसेही देते. आई, तुम्ही बोला. तुमचं ऐकते ती."

वसुधाबाईंनी फोन लावला. दोनदा लागला नाही. तिसऱ्यांदा शकूचा आवाज आला, मागे वारा, कुठेतरी कोंबडं, बायकांचं हसणं.

"शकू, अगं ओजस तीन दिवस तुझ्यासाठी रडतोय. जेवत नाही. जरा बोल त्याच्याशी. आणि उद्या निघता येईल का बघ. इरावती तिकीट काढतेय."

ओजसचं रडणं तिला ऐकू जात असणार.

"आजी," शकू हळू आवाजात म्हणाली, कोणाला जागं करायचं नसल्यासारखी. "मी इलंय त्या दिवशी जानू माका बघून रडाक लागली. आजयेच्या मागे लपली. काल लांबसून बघित होती. आज आता, दहा मिनिटं झाली असतील, माझ्या मांडयेर येऊन झोपलीहा. मी हात पण हलवूक नाय. आता माका बोलाचा नाय. आणि उद्या मी येवचंय नाय. सोमवारी येतलंय, सांगितलंय तशी."

"बरं," वसुधाबाई म्हणाल्या.

"ओजसाक सांगा," शकू म्हणाली, आणि काय सांगायचं ते तिला सुचलं नसावं. "ठेवतंय, आजी."

फोन बंद झाला. वसुधाबाई तो कानाला लावून तशाच उभ्या राहिल्या. चौदा दिवस कोणी नाव घेतलं नाही म्हणून आपण फाटकाशी उभ्या राहून या बाईकडून रोज बातमी घेत होतो, लाडू देऊन. आणि हिची पोर हिला वर्षानंतर ओळखेना. आपण एकदाही विचारलं नाही की शकू, तुझी जान्हवी तुझं नाव काढते का. त्यांना इतकी लाज वाटली की खोलीत कोणाकडे बघवेना.

"काय म्हणाली?" इरावतीने विचारलं. "येतेय ना? सांगितलंत ना जास्तीचे पैसे देऊ म्हणून?"

"नाही सांगितलं."

"का? द्या इकडे, मी बोलते." इरावतीने फोनसाठी हात पुढे केला.

वसुधाबाईंनी फोन पर्समध्ये टाकला, पर्सची चेन ओढली आणि पर्स काखेत धरली. "तिची मुलगी झोपलीय," त्या म्हणाल्या. "सोमवारपर्यंत या घरातून तिला कोणीही फोन करायचा नाही. देवदत्त, तू पण नाही."

देवदत्त जेसीबी हातात घेऊन 'हो' म्हणाला. ओजस दाराशी जाऊन बसला होता आणि शकूला हाका मारत होता. वसुधाबाई गुडघे धरत त्याच्या शेजारी जमिनीवर बसल्या, आणि मी कोण, असं त्यांनी त्याला विचारलं नाही.